‘मला काही झालं नाही’ : डोक्याला मार लागल्यानंतरचे तास

फेब्रुवारी १९९८. ढाक्यात क्लब क्रिकेटचा सामना चालू होता. भारताकडून कसोटी खेळलेले रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभे होते. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला आणि तिथून उडालेला तोच चेंडू यष्टिरक्षकाने झेलला. लांबा उठले आणि स्वतःच्या पायांनी ड्रेसिंग रूममध्ये गेले. थोड्या वेळाने त्यांना बरं वाटेनासं झालं, मग शुद्ध हरपली. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण वयाच्या ३८ व्या वर्षी, मार लागल्यापासून तीन दिवसांत ते गेले.

चेंडू लागल्यावरही ते चालत होते, बोलत होते. मार लागल्याचा क्षण आणि शुद्ध हरपण्याचा क्षण, यांच्या मधल्या वेळेबद्दल मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. कारण ही वेळ आपल्या घरांतही येते. मोटारसायकल खडीवर घसरते. आंबे काढताना फांदी मोडते. दहीहंडीच्या थरावरून गोविंदा खाली येतो. आजी न्हाणीघरात घसरते. पडलेला माणूस उठून बसतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, ‘मला काही झालं नाही.’ तो खोटं बोलत नसतो, त्या घडीला त्याला खरंच तसं वाटत असतं. ऐकणाऱ्यांनाही हायसं वाटतं आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

इथेच चूक होते. डोक्याच्या मारात ‘आता कसं वाटतंय?’ हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. तो घड्याळ लावून पुन्हा पुन्हा विचारावा लागतो आणि प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तराशी ताडून पाहावं लागतं. माणूस सुधारतोय, आहे तिथेच आहे की उतरणीला लागलाय, हे त्यातूनच कळतं. या लेखातलं बाकी काही विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

कवटीच्या आत काय चालतं

पायाला मार लागला की पाय सुजतो, कातडी ताणते आणि आतल्या रक्ताला जागा मिळते. कवटी ताणत नाही. मोठ्या माणसाच्या कवटीत साधारण १४०० ते १५०० मिलिलिटर जागा असते. त्यातला सुमारे ८० टक्के भाग मेंदूचा. उरलेल्यात साधारण निम्मं रक्त आणि निम्मं मेंदूभोवती खेळणारं पाणी, म्हणजे मेंदूजल. या बंद डब्यात नवीन काही आलं, तर आधीचं काहीतरी बाहेर पडावंच लागतं. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडलेली ही गोष्ट आजही प्रत्येक न्यूरोसर्जनच्या विचाराचा पाया आहे.

गच्च भरलेली एसटी आठवा. कंडक्टर ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणतो तोवर आणखी चार माणसं आत मावतात. मग एक थांबा असा येतो की साधी पिशवीही आत शिरत नाही. डोक्यातही तसंच होतं. रक्त साचू लागलं की सुरुवातीला मेंदूजल मणक्याच्या पोकळीत सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं आणि दाब फारसा चढत नाही. माणूस बोलतो, चालतो, चहा मागतो. सरकायला जागा उरली नाही की मात्र पुढचं थोडंसं रक्तही दाब झपाट्याने वाढवतं. म्हणूनच दोन तास बरा दिसणारा माणूस पुढच्या वीस मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो.

आडवं झोपलेल्या निरोगी माणसाच्या कवटीतला दाब ५ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो २२ च्या वर राहू लागला की तातडीने उतरवावा लागतो. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये ३० मिलिलिटरहून जास्त रक्त साचलं, तर माणूस शुद्धीवर असला तरी ते शस्त्रक्रिया करून काढावं, असा संकेत आहे. ३० मिलिलिटर म्हणजे स्वयंपाकातले दोन मोठे चमचे.

दाब चढला की हृदयाकडून येणाऱ्या रक्ताला मेंदूत शिरणं अवघड जातं. प्राणवायू कमी पडतो, पेशी सुजतात आणि त्या सुजेने दाब आणखी चढतो. शेवटी मेंदूचा भाग जागचा सरकतो. डोळ्याची बाहुली लहान करणारी नस चिमटली जाते आणि त्या बाजूची बाहुली मोठी होऊन तशीच राहते. त्याहीपुढे श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठावर भार येतो. रक्तदाब वाढत जातो, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. इथवर पोचलेल्या रुग्णाला परत आणणं फार अवघड असतं. आपली सगळी धडपड त्याच्या बरीच आधी व्हायला हवी.

तीन प्रकारचे रक्तस्राव

पहिला कवटीचं हाड आणि मेंदूचं जाड आवरण यांच्यामधला, म्हणजे एपिड्युरल. कानाच्या वर-पुढे, कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटून एक रोहिणी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते. रोहिणीतलं रक्त जोराने येतं, त्यामुळे गाठ काही तासांत वाढते. मार लागल्यावर क्षणभर शुद्ध हरपणं, मग माणूस अगदी ठीक होणं आणि नंतर झपाट्याने खालावणं ही या प्रकाराची ओळखलेली चाल. प्रत्येकात ती दिसतेच असं नाही. मात्र खालचा मेंदू अनेकदा फारसा दुखावलेला नसतो, त्यामुळे वेळेत गाठ काढली तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. वेळेची किंमत सगळ्यात जास्त इथे आहे.

दुसरा आवरणाच्या आतला, म्हणजे सबड्युरल. मेंदूकडून आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक शिरा धक्क्याने तुटतात. मोठ्या अपघातात हा रक्तस्राव तासांत जीवघेणा होतो आणि सहसा खालचा मेंदूही दुखावलेला असतो. वयस्कर माणसांत मात्र तो आठवडेच्या आठवडे गुपचूप वाढतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

तिसरा खुद्द मेंदूतला मुका मार. कपाळामागचा आणि कानशिलाआतला मेंदू कवटीच्या खडबडीत तळावर घासतो आणि तिथे रक्ताचे ठिपके पडतात. पहिल्या स्कॅनमध्ये हे ठिपके मुगाएवढे दिसले, तरी पुढच्या दिवसभरात ते एकमेकांत मिसळून मोठे होऊ शकतात. मार लागताना तग धरलेल्या बारीक रक्तवाहिन्याही नंतरच्या तासांत फुटतात. ही वाढ बहुधा पहिल्या २४ तासांत होते, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. शिवाय भोवतालची सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढत राहते. ‘पहिल्या दिवशी बोलत होते, तिसऱ्या दिवशी गुंगीत कसे गेले?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

रक्त थांबत का नाही

बोट कापलं की पाच-सात मिनिटांत रक्त गोठतं. मेंदूला जबर मार लागला की गोठण्याची ही व्यवस्थाच बिघडू शकते. दुखावलेल्या मेंदूतून रक्त गोठवणारे पदार्थ रक्तात मिसळतात, गोठण्याचं सामान भलतीकडेच खर्च होतं आणि तयार झालेली गुठळी शरीर स्वतःच विरघळवू लागतं.

यात भर घालणाऱ्या गोष्टी ठाऊक असाव्यात. ऍस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ऍसिट्रोमसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. यकृताचा जुना आजार, वर्षानुवर्षांची दारू. डेंग्यूसारख्या तापात उतरलेल्या प्लेटलेट्स. अंग गार पडणं. रक्तदाब घसरणं आणि प्राणवायू कमी पडणं या दोन गोष्टी तर दुखावलेल्या मेंदूचं स्वतंत्र नुकसान करतात. मांडी मोडून रक्त जात असेल, तर मेंदू वाचवण्यासाठी आधी ते रक्त थांबवावं लागतं.

गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्सॅमिक ऍसिड हे औषध जपानी डॉक्टर दांपत्य उताको आणि शोसुके ओकामोतो यांनी १९६० च्या दशकात शोधलं. २०१९ मध्ये २९ देशांतल्या १२,७३७ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य आणि मध्यम इजा झालेल्यांना मार लागल्यापासून तीन तासांच्या आत हे औषध मिळालं, तर डोक्याच्या इजेमुळे होणारे मृत्यू कमी होतात आणि जितकं लवकर तितकं बरं, असं त्यातून दिसलं. ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. तुमच्या हातात आहे ती वेळ. मार नक्की किती वाजता लागला, हे पोचल्यावर सांगता आलं पाहिजे.

पहिली दहा मिनिटं

• मोबाइलवर वेळ बघा आणि १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेची सोय होत असताना पुढची कामं करा.

• डोक्याचा मोठा मार असेल तर मानेलाही मार असू शकतो, असं धरून चाला. ओढून उठवू नका, बसवू नका, मान वळवून पाहू नका. एकाने दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवावं.

• उलटी आली तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून पूर्ण अंग कुशीवर वळवा. बेशुद्ध माणूस उताणा राहिला तर उलटी श्वासनलिकेत जाते.

• जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. टाळूतून भरपूर रक्त येतं, घाबरू नका. हाड खचल्यासारखं लागलं तर तिथे जोर देऊ नका. हळद, कॉफी पावडर, चुना काहीही भरू नका.

• नाकातून किंवा कानातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येत असेल तर बोळा घालू नका, वाहू द्या.

• पाणी, चहा, सरबत काही पाजू नका. शुद्ध पुरती नसेल तर ते फुप्फुसात जातं, आणि शस्त्रक्रिया लागलीच तर पोट रिकामं असलेलं बरं.

• श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढायची घाई नको. काढावंच लागलं तर एकाने मान धरावी, दुसऱ्याने हळूच काढावं.

• अंगावर चादर, शाल काहीतरी घाला. अंग गार पडू देऊ नका.

रस्त्यावरच्या अपघातात मदत करणारा बरेचदा पोलिसांच्या भानगडीला भिऊन मागे सरतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याला साक्षीदार होण्याची किंवा स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्र सरकारची योजनाही आहे. पैशांची जमवाजमव होईपर्यंत कोणी रस्त्यावर पडून राहू नये.

कधी थेट रुग्णालय

पुढचं एकही लक्षण दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका :

• क्षणभर का होईना, शुद्ध हरपली होती.

• मार लागण्याआधीचं किंवा नंतरचं काही आठवत नाही, तेच तेच विचारतो.

• दोनदा किंवा जास्त वेळा उलटी झाली.

• डोकेदुखी तासागणिक वाढते आहे.

• गुंगी वाढते आहे, हाक मारल्यावर डोळे उघडायला वेळ लागतो.

• बरळणं, चिडचिड, ओळखीची माणसं न ओळखणं.

• आकडी आली.

• एक हात किंवा पाय ढिला पडला, बोलणं जड झालं, चालताना झोकांड्या जातात.

• दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसतात, किंवा एकाचे दोन दिसतात.

• नाका-कानातून रक्त किंवा पाणी येतं, डोळ्यांभोवती अथवा कानामागे काळंनिळं झालं.

लक्षण एकही नसलं तरी वय ६५ च्या वर असेल, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, उंचावरून पडणं झालं असेल किंवा गाडीने उडवलं असेल, तरीही डॉक्टरांना दाखवा.

दोन गैरसमज फार जीव घेतात. पहिला, ‘प्यायलेला आहे, झोपू दे, उतरली की उठेल.’ दारूची गुंगी आणि रक्तस्रावाची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. प्यायलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल तर त्याला अधिक लवकर रुग्णालयात न्या. दुसरा, ‘उन्हाने पित्त झालं, म्हणून उलट्या.’ मार लागल्यानंतरच्या उलट्या पित्ताच्या खात्यावर टाकू नका.

रात्रीची वही

डॉक्टरांनी तपासून ‘घरी नेलं तरी चालेल, लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलं, तर लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एक वही आणि पेन उशाशी ठेवा. पानावर पाच रकाने आखा : वेळ, जाग, बोलणं, हातपाय, बाहुल्या.

*जाग.* स्वतःहून डोळे उघडे आहेत, हाकेने उघडतात की चिमटा काढल्यावरच उघडतात?

*बोलणं.* ‘बरं वाटतंय का?’ असं विचारू नका, त्याला गुंगीतही ‘हं’ येतं. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, जेवायला काय होतं, असं विचारा. उत्तर जसंच्या तसं लिहा.

*हातपाय.* दोन्ही हात पुढे धरून डोळे मिटायला सांगा. एक हात आपोआप खाली येतो का? तुमची बोटं दोन्ही हातांनी दाबायला सांगा. जोर सारखा आहे का?

*बाहुल्या.* बॅटरीचा उजेड बाजूने डोळ्यावर आणा. दोन्ही बाहुल्या सारख्या आणि उजेडाने लहान होणाऱ्या हव्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर त्या आधीपासूनच वेगळ्या असू शकतात. म्हणून पहिली नोंद महत्त्वाची.

रुग्णालयात शुद्धीवरच्या रुग्णाला पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाने आणि नंतर दर दोन तासांनी तपासतात. घरीही हाच ताल धरा. रात्रभर जागं ठेवायची गरज नाही. दमलेला मेंदू झोपला तर बरंच. मात्र पहिल्या रात्री दर दोन तासांनी पूर्ण जागं करा, उत्तरं घ्या आणि मग पुन्हा झोपू द्या. गाढ झोप आणि बेशुद्धी यांतला फरक उठवल्याशिवाय कळत नाही.

वही ठेवायचं कारण साधं आहे. रात्री दोन वाजता माणूस ‘जरा मंद वाटतो’ आणि आपलं मन म्हणतं, झोपेतला आहे. वहीत लिहिलेलं असतं : दहा वाजता वार सांगितला, बारा वाजता सांगितला, दोन वाजता नुसतं हुंकारला. कागदावरची ती उतरण पाहिली की मनाला सबब शोधता येत नाही. अशा वेळी सकाळची वाट बघू नका.

डोकं दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल चालतं. ऍस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. झोपेची गोळी आणि दारू मुळीच नको, दोन्हींमुळे गुंगीचा अर्थ लावता येत नाही. पहिले २४ तास एकटं सोडू नका.

रुग्णालयात

१९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन निघेपर्यंत कवटीच्या आतलं रक्त असं थेट पाहण्याची सोय नव्हती. आज तालुक्याच्या गावीही स्कॅन मिळू शकतो. पण स्कॅन हा त्या मिनिटाचा फोटो असतो. मार लागल्यावर तासाभरात काढलेला स्कॅन चांगला आला म्हणजे रात्रभराची हमी मिळाली, असं नाही. म्हणून डॉक्टर काही तासांनी दुसरा स्कॅन सांगतात तेव्हा त्याला बिल वाढवण्याचा उद्योग समजू नका. तब्येत खालावली तर तो ठरल्या वेळेआधीही काढावा लागतो.

केसपेपरवर ‘जीसीएस’ लिहून पुढे आकडा दिसेल. ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये आखलेली ही शुद्धीची मोजपट्टी : डोळ्यांना ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. पूर्ण शुद्ध म्हणजे १५, किमान ३. आठ किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. नुसता आकडा विचारू नका, ‘मघाशी किती होता?’ हेही विचारा. १५ वरून १३ वर आलेला रुग्ण, १३ वर स्थिर असलेल्यापेक्षा जास्त काळजीचा असू शकतो. ग्लासगोच्याच डॉक्टरांनी १९७५ मध्ये, मार लागल्यानंतर बोललेले आणि पुढे दगावलेले रुग्ण अभ्यासले. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या कवटीत रक्ताची गाठ होती.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजके आहेत. रक्त कुठे आहे? मेंदू मधल्या रेषेपासून सरकला आहे का? पुढचा स्कॅन कधी? न्यूरोसर्जन इथे आहेत, की दुसरीकडे हलवावं लागेल? हलवायचं असेल तर तो निर्णय लवकर होऊ द्या, आणि पुढच्या रुग्णालयाला निघण्याआधी फोन जाऊ द्या.

‘सूज उतरायचं स्टिरॉइड देऊन टाका’ असा आग्रह धरू नका. दहा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासातून २००४ मध्ये स्पष्ट झालं, की डोक्याच्या इजेत स्टिरॉइडने मृत्यू वाढतात. डोक्याकडची बाजू ३० अंश वर ठेवणं, मान सरळ ठेवणं, प्राणवायू आणि रक्तदाब सांभाळणं या साध्या दिसणाऱ्या गोष्टीच मोठं काम करतात.

वेळ साधली तर काय होतं, याचं उदाहरणही क्रिकेटमधलंच आहे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली. स्कॅनच्या कितीतरी आधीचा तो काळ. तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते, आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर होते. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत, पण वाचले, आणि पुढे प्रथम श्रेणीचे सामनेही खेळले.

आमच्या मामांची चप्पल

माझ्या मामांच्या घरी, कोकणात, गोठ्याचं दार बुटकं आहे. एका संध्याकाळी त्याची चौकट मामांच्या कपाळाला लागली. टेंगूळ आलं, मामीने थंड पाण्याची पट्टी ठेवली, विषय संपला. मामा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ ठेवायची गोळी घेत होते.

महिन्याभराने त्यांची डाव्या पायातली चप्पल निसटू लागली. ओसरीवरून अंगणात उतरले की चप्पल पायरीवरच राहायची आणि मामा चार पावलं पुढे गेलेले असायचे. नवी चप्पल आणली, तीही निसटली. मग जेवताना डाव्या हातातला पेला कलंडू लागला. दुपारची झोप लांबली. आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. मामीला ते पटत नव्हतं. ‘वय दोन्ही पायांचं सारखंच झालंय ना?’ ती म्हणाली.

तिच्या हट्टामुळे स्कॅन झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताचा जाड थर होता. कवटीला दोन छिद्रं पाडून डॉक्टरांनी ते काळपट, पातळ झालेलं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी मामांनी डाव्या हाताने चहाचा कप धरला.

वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्याकडून आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. मग दाराच्या चौकटीचा मारही पुरतो. साचलेल्या रक्ताभोवती पातळ पापुद्रा तयार होतो, त्यात नाजूक नव्या रक्तवाहिन्या येतात आणि त्याच पुन्हा पुन्हा पाझरतात. म्हणून रक्त आठवडेच्या आठवडे वाढत राहतं. घरातल्या वयस्कर माणसाला चालण्यात एका बाजूचा ढिलेपणा, नवा विसरभोळेपणा, नवी डोकेदुखी किंवा अकारण झोपाळूपणा आला, तर मागच्या दोन-तीन महिन्यांत डोकं कुठे आपटलं होतं का, ते आठवा. आठवलं नाही तरी दाखवा. पुष्कळदा मार इतका किरकोळ असतो की कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती हृदयाला सांभाळते. डोक्याला मार लागला तर गोळीचं पाकीटच डॉक्टरांसमोर ठेवा. कोणती गोळी, शेवटची केव्हा घेतली, यावर पुढचे उपचार ठरतात. वॉरफेरिन, ऍसिट्रोमसारख्या काही गोळ्यांचा परिणाम औषधाने उतरवता येतो.

लहान मुलं

दोन वर्षांखालचं मूल डोकं दुखतं म्हणून सांगू शकत नाही. ते दूध घेत नाही, किरट्या आवाजात सारखं रडतं किंवा उलट गप्प पडून राहतं, खेळण्याकडे बघत नाही. टाळू फुगलेली लागते. कपाळावरचं टेंगूळ सहसा निभावतं, पण कानाच्या वर किंवा डोक्याच्या मागे मऊ, लिबलिबीत सूज आली तर लगेच दाखवा. रडून लगेच शांत झालेलं, दूध प्यायलेलं, हसणारं मूल बहुधा ठीक असतं. तरी पहिला पूर्ण दिवस त्याच्यावर नजर हवी.

घरी आल्यानंतर आणि पडण्याआधी

रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला काही आठवडे डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, लक्ष न लागणं हे त्रास राहू शकतात. ते हळूहळू कमी होत गेले पाहिजेत. वाढू लागले तर परत जा. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी चालवणं, झाडावर चढणं, खेळणं बंद. पहिला मार भरून यायच्या आत बसलेला दुसरा मार फार वाईट असतो.

मोटारसायकलवरच्या हेल्मेटबद्दल जगभरातले अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हेल्मेट आयएसआय मार्कचं हवं आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा. मागे बसणाऱ्यालाही हवं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्री वाटेवर छोटा दिवा ठेवा, गच्चीला कठडा हवा. आणि गोठ्याची चौकट वाकून जावं लागेल अशी असेल, तर तिच्यावर जुन्या गोधडीचा तुकडा ठोका. आमच्याकडे आता तो ठोकलेला आहे.

मामांना आता बरं आहे. पण ते ओसरीवरून अंगणात उतरले की मामीची नजर अजूनही आधी त्यांच्या पायांकडे जाते. दोन्ही चपला पायांत आहेत हे पाहून ती कामाला लागते. डोक्याला मार लागलेलं माणूस घरी असेल, तेव्हा तुमचीही नजर अशीच असू द्या.